विहिरीवर भांडण्याची मुभा राहील

मी, द्वारका रामराव जमखंडीकर, वय वर्षे बासष्ट, अविवाहित, सरकारी इस्पितळाच्या अपघात विभागातून निवृत्त झालेली सिस्टर, राहणार चामराजपेट, बंगळूर, हे मृत्युपत्र आज रविवार, तारीख ९ फेब्रुवारी १९६४ रोजी स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. हृदयाबद्दल डॉक्टरांचे मत वेगळे आहे, म्हणून ही घाई. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. आणण्याचे प्रयत्न झाले, ते कोणी केले ते दुसऱ्या कलमात येईल.

वकील रघुपती म्हणाले, "अक्का, इंग्रजीत लिहा. कोर्टाला सोपं जातं." कॉन्व्हेंटमध्ये मला वकिलांपेक्षा बरे इंग्रजी शिकवलेले आहे. पण हा कागद ज्यांच्यासाठी आहे त्यांना तो एकदा वाचून दाखवल्यावर कळला पाहिजे. आमच्या गल्लीत अर्धी घरे मराठी बोलतात, अर्धी कन्नड, आणि कळते सगळ्यांना दोन्ही.

कलम पहिले. चाळीस बाय साठची साइट, तीवरचे मंगळुरी कौलांचे घर, दोन नारळ, कधीच न धरलेला एक फणस आणि फाटकाच्या आत डाव्या हाताची विहीर ही माझी स्वकष्टाची मिळकत आहे. १९४१ साली मी ती पगारातून घेतली. तिच्यात वडिलोपार्जित एक वीटही नाही. हे इतके स्पष्ट लिहिण्याचे कारण धारवाडची माझी भावजय. मी प्रेतांना हात लावते म्हणून तिने मला वीस वर्षे ओसरीवर वेगळे पान वाढले. तिच्या पाठीला गळू झाले तेव्हा मात्र माझेच हात चालले. ते गळू मी कापले, आणि चांगले कापले. तिला मी काहीही ठेवत नाही.

कलम दुसरे. घर तिच्या मुलाला, म्हणजे माझा भाचा उपेंद्र याला मिळावे. तो सरकारी कारखान्यात इंजिनिअर आहे. माणूस वाईट नाही, पण कुठल्याही दुखण्यावर भिंत हे एकच औषध त्याला ठाऊक आहे. डिसेंबरात तो मोजपट्टी घेऊनच आला.

"आत्या, फाटकाला लागून सात फुटी भिंत घालू आणि विहीर बंद करू. त्या लोकांना किती दिवस डोक्यावर बसवणार?"

"कुठल्या लोकांना?"

"कन्नड लोकांना. इथे एकदा रक्त सांडलंय ना? सीमेचं भांडण तुमच्या फाटकापर्यंत आलंय आणि तुम्हाला पत्ता नाही."

"म्हणजे मराठी घरांना फाटकाची किल्ली देणार तू?"

"बघू."

त्याच्या वडिलांच्या "बघू"चा अर्थही "नाही" असाच असे.

म्हणून घराला अट आहे. विहीर पहाटे पाचपासून दिवेलागणीपर्यंत गल्लीतल्या सर्व घरांना खुली राहील. भिंत घालायची नाही, कुलूप लावायचे नाही. विहिरीवर पहारा, रांग, पाळ्या, बिल्ले यांपैकी काहीही ठेवायचे नाही. बायकांना तेथे मोठ्याने भांडण्याची मुभा राहील आणि मालकाला झोपमोडीची तक्रार करता येणार नाही. यातली एक जरी अट मोडली तर घर गल्लीतल्या परसू आणि शिवाप्पा यांच्याकडे निम्मे निम्मे जाईल. यांतल्या एकाने दुसऱ्याचा डोळा फोडलेला आहे. एका छपराखाली कसे राहायचे ते दोघे पाहून घेतील. उपेंद्रा, तुला हे नको असेल तर मोजपट्टी खिशात ठेव.

कलम तिसरे. इस्पितळात लिहिलेल्या माझ्या अकरा वह्या वकील रघुपती यांना द्याव्यात. त्या हसण्यावारी नेल्याबद्दल ही त्यांना शिक्षा.

एकतीस वर्षे मी मारामारीत जखमी झालेल्यांना टाके घातले. टाके घालताना माणसाला बोलते ठेवावे लागते, नाहीतर तो हलतो. मी विचारी, "काय झालं?" पहिले उत्तर ठरलेले असे: त्यानं सुरुवात केली. मग मी विचारी, "आणि त्याच्या आधी?" दुसऱ्या उत्तरात पाणी येई, बांध येई, दारू, बाई, जात, भाषा, जे त्या महिन्यात लोकांच्या तोंडी असेल ते. बहुतेक लोक इथे थांबतात. पोलीस तर इथेच लिहून मोकळे होतात. मी टाका ओढून पुन्हा विचारी, "त्याच्या आधी?" तिसऱ्या-चौथ्या उत्तराला माणसाचा आवाज बदलतो. एका वखारवाल्याचे डोके त्याच्या सख्ख्या भावाने फोडले होते. पहिल्यांदा जागा, दुसऱ्यांदा सागवान, तिसऱ्यांदा भावजय असे करत करत तो चौथ्यांदा म्हणाला, "आईच्या बाराव्याला त्यानं मला पोस्टानं पत्रिका पाठवली, सिस्टर. घरच्या माणसाला छापलेली पत्रिका!" आणि टाक्यांना न रडलेला तो माणूस तेव्हा रडला.

भाजीबाजारात शेजारी शेजारी बसणाऱ्या बायका रोज एकमेकींच्या सात पिढ्या काढतात. एकतीस वर्षांत त्यांच्यापैकी तिघीच माझ्याकडे आल्या, त्यांतली एक केळीच्या सालीवरून घसरलेली. माझ्याकडे येत ते महिनोन् महिने एकमेकांशी न बोललेले लोक. हे मी पाचव्या वहीत लिहूनही ठेवले होते. लिहून ठेवलेले कळलेले असतेच असे नाही, याचा पुरावा पुढच्या कलमात आहे.

सगळेच अबोला धरणारे डोकी फोडत नाहीत. मग कोण फोडतात? कोणता अबोला विरून जातो आणि कोणता आत पिकत राहतो? मला हे उलगडलेले नाही. चीनच्या लढाईनंतर उपेंद्राने मला खिजवले होते, "मग आत्या, नेफातही कुणी पत्रिका पाठवली होती का?" मी म्हटले, एखादा जखमी चिनी आणून दे, विचारून सांगते. ही थट्टा नव्हती. मला खरेच विचारायचे आहे. वकिलांकडे भांडण पोचते तेव्हा दोन्ही बाजूंचे पहिले उत्तर पाठ झालेले असते. त्यांनी निदान तिसऱ्या उत्तरापर्यंत जावे, एवढ्यासाठी वह्या त्यांना.

कलम चौथे. हे कलम मिळकतीचे नाही.

१९५७ साली मी निवृत्त झाले. तोवर पहाटे घर सोडत असल्याने माझ्या विहिरीवर सकाळी काय चालते ते मी पाहिलेच नव्हते. उन्हाळ्यात गल्लीचा नळ आटतो आणि बावीस घरे माझ्या विहिरीवर येतात. घरी बसल्यावर ते कानी पडू लागले.

"तुझं पोर न्हाणार म्हणून आम्ही तहानेनं मरायचं काय गं?"

"मर की! दोर तरी मोकळा होईल."

"सासू पडून आहे तिची. भरू दे तिला आधी, मग मरा दोघी."

कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला घंटा, रांग आणि तोंडावर बोट या तीन गोष्टींत वाढवले. इस्पितळातही तेच. मला वाटले, या बायकांना कुणी शिस्त लावलेलीच नाही. १९५८ च्या फेब्रुवारीत मी पत्र्याचे चोवीस बिल्ले नंबर ठोकून करून घेतले. जी आधी येईल तिला आधीचा नंबर. घराला दिवसाला एकच बिल्ला, बिल्ल्याला दोन घागरी. रांगेत बोलायचे नाही. बोलणारीचा बिल्ला आठ दिवस बंद. असे मी दोघींचे बंद केले, मग तिसरीची वेळ आली नाही. तीन महिने विहिरीवर रहाटाच्या करकरीखेरीज आवाज नव्हता. मी कट्ट्यावर खुर्ची टाकून बसे आणि मला स्वतःचा फार अभिमान वाटे.

मेच्या शेवटी एके दिवशी सकाळी यल्लव्वा दुसऱ्यांदा आली. यल्लव्वा म्हणजे परसूची आई, मराठी घरातली. तिचे पाणी सहा वाजताच भरून झाले होते. आता तिच्या हातात दुसऱ्याच घागरी होत्या. मी म्हटले, "बिल्ला?" तिने मान हलवली. मी म्हटले, "एका घराला एकदाच." ती तोंड उघडू लागली, तशी मी ओठांवर बोट ठेवले. ती मिनिटभर उभी राहिली आणि परत गेली.

त्या घागरी गंगव्वाच्या होत्या. गंगव्वा समोरच्या कन्नड घरातली, शिवाप्पाची आई. तिची सासू पहाटे वारली होती. आमच्या गल्लीत मयताच्या घरच्यांनी त्या दिवशी विहिरीला दोर लावायचा नसतो. प्रेताच्या अंघोळीचे पाणी शेजारणीने ओढून आणायचे, तेही ताजे, घरात भरून ठेवलेले चालत नाही. सतरा वर्षे गल्लीत राहून मला हे माहीत नव्हते. मी कामावर असे. गल्लीतली मयते मला संध्याकाळी कळत.

त्या घरी बारा वाजेपर्यंत प्रेत बिनअंघोळीचे राहिले. बाराला यल्लव्वा कुठून तरी भरलेल्या दोन घागरी घेऊन आली. शिवाप्पा दारात उभा होता. "आता आलीस?" म्हणून त्याने दोन्ही घागरी पायाने लवंडल्या. यल्लव्वा काही न बोलता घरी गेली. तेरा दिवसांनी विहिरीपाशी परसू शिवाप्पाला म्हणाला, मयताच्या पाण्याला लाथ मारणारा तूच. विहिरीत पडलेली भांडी काढायचा लोखंडी गळ तिथेच टांगलेला होता.

परसूचा उजवा डोळा मी माझ्या पदराने दाबून धरला आणि घोड्याच्या जटक्यातून त्याला इस्पितळात नेले. शिवाप्पाला तीन वर्षांची सजा झाली. पोलिसांनी लिहिले, पाण्यावरून. उपेंद्र म्हणाला, भाषेवरून. मी तेथे असलेल्यांना विचारले, तर शिवाप्पाने शिव्या मराठीत दिल्या होत्या आणि परसूने कन्नडमध्ये, समोरच्याला नीट लागाव्यात म्हणून. भाषेची एवढी काळजी घेणारे लोक भाषेवरून भांडतील असे मला वाटेना.

मग मी घरोघर माझा प्रश्न घेऊन हिंडले. त्याच्या आधी? आणि त्याच्या आधी? लोक वैतागले. सात महिन्यांनी, १९५९ च्या जानेवारीत, यल्लव्वाच्या चुलीपाशी मला शेवटचे उत्तर मिळाले. ती भाकरी थापत होती. तिने वर पाहिलेही नाही.

"तुमीच परत धाडलं न्हवं का मला, अक्का?"

मला पहिल्यांदा समजलेच नाही. समजले तेव्हा मी म्हटले, "मग तू हे बोलली का नाहीस? गंगव्वाला, पोलिसांना, कोर्टात?"

"इचारलं कुणी? आन सांगितलं असतं, तर माझा बिल्ला ऱ्हायला असता?"

मी त्याच दिवशी बिल्ले भंगारवाल्याला दिले. बायकांना वाटले, सिस्टर अक्का थकली. आठवड्याभरात विहिरीवर पहिल्यासारखा कल्ला सुरू झाला, आणि त्या कल्ल्यात कुणाचे मूल तापले आहे, कुणाचा नवरा पगार पितो, कुणाला आज आधी सोडायला हवे, हे सगळ्या गल्लीला रोज कळते, हे माझ्या लक्षात आले. फक्त दोघी तेथे बोलत नाहीत. यल्लव्वा रहाटावर असली की गंगव्वा फाटकाबाहेर घागर ठेवून उभी राहते. गंगव्वा असली की यल्लव्वा. सहा वर्षे हेच चालले आहे. दोघींचे मुलगे एकाच गल्लीत राहतात. मला रोज सकाळी त्याची भीती वाटते.

यल्लव्वाने पाणी नाकारले नव्हते, मी नाकारले, हे मी गंगव्वाला अजून सांगितलेले नाही. मलाच मी माझा प्रश्न विचारला. का नाही सांगितले? शिवाप्पाची सजा त्याने कमी होणार नव्हती. त्याच्या आधी? गल्लीत माझा मान राहिला नसता. त्याच्या आधी? लाज वाटली. त्याच्या आधी? रोज सकाळी "अक्का, ऊटा आयता, जेवलात का" असे विचारणारी या गावात मला एकटी गंगव्वा आहे, आणि ती विचारायची थांबेल.

माझ्या मृत्यूनंतर हे कलम गंगव्वा व शिवाप्पा यांना वकिलांनी वाचून दाखवावे.

कलम पाचवे. पोस्टातली माझी सर्व शिल्लक परसू आणि शिवाप्पा यांना समान वाटून द्यावी. परसू टर्नर होता. एका डोळ्यावर लेथ चालवू देत नाहीत म्हणून आता पहारेकरी आहे. शिवाप्पाला सजा भोगून आल्यावर कुठल्याच कारखान्याने घेतले नाही, तो गाड्यावर केळी विकतो. ही भरपाई नव्हे. भरपाई करण्याइतके पैसे सिस्टरच्या पगारात साठत नाहीत.

कलम सहावे. माझ्या मागे दिवस वगैरे घालू नयेत. कॉन्व्हेंटमध्ये बाप्तिस्मा दिला नाही आणि भावजयीने ब्राह्मण राहू दिले नाही, तेव्हा मधल्यामध्ये सोयीचे पडेल तसे जाळावे. माझ्या अंघोळीचे पाणी कुणी ओढावे, याबद्दल मी काही लिहीत नाही. ते मागण्याचा मला हक्क नाही.

पुरवणी. वरील मजकूर काल दुपारी पुरा झाला. साक्षीदार म्हणून मी यल्लव्वा आणि गंगव्वा यांना बोलावले. वकील म्हणाले, साक्षीदारांना मजकूर वाचून दाखवण्याची कायद्याने गरज नाही, सही करताना पाहिले की पुरते. मीही तसेच ठरवले होते. माझ्या खोलीत दोघी दोन कोपऱ्यांत बसल्या. यल्लव्वाने निमूट अंगठा पुढे केला. गंगव्वा म्हणाली, "काय लिहिलंय त्याच्यात?"

वकील म्हणाले, "अम्मा, ते अक्का गेल्यावर कळेल."

"स्वल्प थांबा. माझ्या अंगठ्याखाली काय आहे ते मला कळायला नको?" मग माझ्याकडे वळून, "अक्का, तुम्ही सांगा. काय आहे?"

तिने विचारले. इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारले नव्हते. मी चौथे कलम वाचले, पहिल्यापासून शेवटपर्यंत.  गंगव्वाने पहिल्यांदाच मला एकेरी हाक मारली.

"मेल्यावर सांगणार होतीस? मेलीस की मी भांडू कुणाशी? तुझ्या राखेशी?"

"गंगव्वा..."

"नाही. इथे चार भिंतींत नाही. उद्या सकाळी विहिरीवर वाच. सगळ्यांसमोर. माझा मुलगा तिथे असेल. तोवर अंगठा नाही." आणि ती गेली.

वकील म्हणाले, "अक्का, हे करू नका. लोक काय करतील सांगता येत नाही." मला मात्र जाणून घ्यायचे होते.

आज सोमवार, सकाळी साडेसहाला, मी कट्ट्यावर उभी राहून चौथे कलम वाचले. गल्ली जमली होती. शिवाप्पा फाटकाशी गाडा धरून उभा होता, परसू नारळापाशी. मी दोघांच्या मध्ये खुर्ची ठेवून घेतली होती. तिचा काय उपयोग झाला असता कोण जाणे. वाचन संपल्यावर कुणी बोलेना. मला ते तीन महिने आठवले. मग शिवाप्पा माझ्याकडे न पाहता यल्लव्वाला म्हणाला, "त्या दिवशीच्या घागरी कुठून आणल्या होत्यास?"

"पार बसवनगुडीवरनं."

"चालत?"

"मग काय, मोटारीनं?"

शिवाप्पा गाड्याच्या दांड्यावर बसला आणि त्याने डोके खाली घातले. परसू जागचा हलला नाही. पण गंगव्वा उठली. माझ्यावर ती जे बोलली ते मी येथे लिहीत नाही. ते सगळे खरे होते. माझे झाल्यावर ती यल्लव्वाकडे वळली. "आणि तू? माझ्या दारात येऊन एक शब्द तोंडातून निघाला नाही तुझ्या?"

"तुझ्या लेकानं तोंड उघडू दिलं काय? पाणी लाथाडलं आन वर डोळा काढला माझ्या पोराचा!"

"तीन वर्षं दगड फोडलेत त्यानं!"

"दगड फोडून डोळा परत येतोय काय?"

सहा वर्षांचे सगळे निघाले. कुणाच्या सुनेने कुणाच्या कोंबडीला काय केले तेही निघाले. मध्ये कुणीतरी पाचव्या कलमाचे विचारले. वकिलांनी ते वाचले आणि यल्लव्वा त्यांच्यावरच धावली, "सारखा वाटा? डोळ्याचा आन तुरुंगाचा भाव एकच?" गंगव्वा म्हणाली, "मग काय सगळंच नेणार?" माझ्याकडे दोघींपैकी कुणाचेही लक्ष नव्हते. हे पावणेनऊपर्यंत चालले. वकिलांची कोर्टाची वेळ टळत होती.

सबब पाचवे कलम पुढीलप्रमाणे दुरुस्त करते: पोस्टातल्या शिलकेपैकी रुपयातले दहा आणे परसूला, सहा आणे शिवाप्पाला. हा आकडा माझा नाही. तो त्या दोघींनी आपसात ठरवला आणि परसू व शिवाप्पा यांनी "सरी", म्हणजे ठीक, म्हटले, एकमेकांकडे न बघता का होईना.

कलम चारचा शेवटचा परिच्छेद रद्द समजावा. बाकी सर्व कलमे कायम.

ठिकाण: चामराजपेट, बंगळूर, विहिरीच्या कट्ट्यावर.
तारीख: १० फेब्रुवारी १९६४, सकाळी नऊ.

(सही) द्वारका रामराव जमखंडीकर

साक्षीदार:
१. यल्लव्वा, परसूची आई. अंगठा.
२. गंगव्वा, शिवाप्पाची आई. अंगठा.

अंगठे माझ्यासमोर उमटवले. पॅडची शाई सुकत आल्याने साक्षीदार क्रमांक एकने साक्षीदार क्रमांक दोनचा हात धरून दाबला, आणि "एवढं घट्ट कशाला?" यावरून पुन्हा सुरू झालेला वाद ही नोंद लिहीपर्यंत मिटलेला नाही.
(सही) रघुपती, वकील